नाइटिंगेलवरचे दोन जाळ

साउदॅम्प्टन
३ फेब्रुवारी १९७४

प्रिय दादा,

मागचं पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही, म्हणून माफी मागत बसत नाही. तू तसाही आयव्ही वहिनीला म्हणणार, लायनेलला काम निघाल्याशिवाय शाई सापडत नाही. तर काम निघालं आहे.

गोदीतली नोकरी सोडली. आता प्रिडो नावाच्या माणसाकडे आहे. त्याचं दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. लांबलांबच्या बेटांवर तो लोकांना पक्षी आणि सील दाखवायला नेतो. पुढच्या जानेवारीत त्याला आपल्या बेटांवर यायचं आहे. बारा प्रवासी. डॉक्टर, शिक्षक, एक निवृत्त न्यायाधीशबाई. जन्मभर दुर्बिणीतून पक्षी बघत आलेली माणसं. त्यांना आपलं नाइटिंगेल बेट बघायचं आहे.

मी ट्रिस्टनवर जन्मलो हे प्रिडोला बोलता बोलता कळलं. त्याने हातातला कप खाली ठेवला. म्हणाला, "मग मला दुसरा माणूस शोधायला नको." दादा, मला इथे येऊन आठ वर्षं झाली. मी कुठला हे ऐकून कुणी कप खाली ठेवल्याचं आठवत नाही.

दोन गोष्टी हव्यात. एक, बेटाच्या कौन्सिलची परवानगी. दुसरी, तुझ्या डोक्यात आहे ते सगळं. कधी यावं, कुठे काय दिसतं, कुठे पाय ठेवू नये. मी निघालो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. होडीत तू सांगशील तेव्हा वल्हं मारायचं, एवढंच मला येत होतं. प्रिडो नकाशावर बोट ठेवून विचारतो आणि मला घाम फुटतो.

आधी वस्तीवर येऊ, मग नाइटिंगेल, परतताना पुन्हा वस्ती. तेवढे दिवस मी घरी राहीन. आईला आत्ताच सांगू नकोस, ठरलं की सांग. नाहीतर असं कर, सांगूनच टाक.

तुझा
लायनेल


ट्रिस्टन द कून्या
२२ एप्रिल १९७४

प्रिय लायनेल,

तुझं पत्र मार्चच्या जहाजाने आलं तेव्हा मी नाइटिंगेलवर होतो, पेट्रेल पक्ष्यांच्या चरबीसाठी. वारा फिरेना, तिथेच अडकलो. आयव्हीने पत्र फळीवर ठेवलं. आई रोज ते हातात घेऊन वजन करायची. म्हणाली, "जाड आहे. काहीतरी मागतोय." त्यामुळे तिला सांगायचं की नाही हा प्रश्न उरला नाही.

जानेवारी ठीक आहे. पेंग्विन पिसं टाकत असतात, नवी येईपर्यंत पाण्यात जाता येत नाही, तोंड पाडून उभे असतात. मॉलींची, म्हणजे तुमच्या पुस्तकांतल्या अल्बट्रॉसची, पिल्लं मातीच्या गाडग्यांवर बसलेली असतात. जवळ गेलं की चोच वाजवतात आणि मग तेल ओकतात. ते कपड्यांतून जात नाही. डॉक्टरांना सांग, जुने कपडे आणा. गवत डोक्याच्या वर आहे. चालताना पाय गवताच्या बुंध्यावर ठेवायचा, दोन बुंध्यांच्या मध्ये कधीच नाही. मध्ये बिळं असतात. मांडीपर्यंत पाय जातो आणि आतला पक्षी चावतो. त्याच्या घराचं छप्पर आपण मोडलेलं असतं.

आता परवानगीचं. मुखिया सध्या हॉरेस आहे. तो नाही म्हणाला नाही. पण नियम आहे तो आहे. आमची माणसं बरोबर असल्याशिवाय बाहेरच्यांनी नाइटिंगेलवर उतरायचं नाही. आणि त्याआधी जहाजातली प्रत्येक पेटी, प्रत्येक पोतं वस्तीच्या किनाऱ्यावर उघडायचं. तुला कारण माहीत आहे. आपल्या बेटावर एका फुटलेल्या जहाजातून उंदीर आले आणि जमिनीत घर करणारा एकेक पक्षी गेला. नाइटिंगेलवर अजून एकही उंदीर नाही. एक गाभण उंदरी पुरे आहे.

हॉरेस म्हणाला, "तुझ्या भावाची हमी कोण देणार?" मी म्हणालो, बघू, अजून वेळ आहे.

आईने लोकर बाहेर काढली आहे. पांढरे पायमोजे, वर रंगीत पट्टे. तुला आठवत असेल, माणूस जेवढा जवळचा तेवढे पट्टे. मी विचारलं किती घालणार. म्हणाली, "तू मोजायला बसू नकोस, तुला मिळालेत."

तुझा
विल्फ


साउदॅम्प्टन
३० जून १९७४

प्रिय दादा,

तुझं पत्र प्रिडोला वाचून दाखवलं. बिळाच्या छपराचं त्याने दोनदा वाचायला लावलं. म्हणाला, हे असं कुठल्या पुस्तकात नाही. आता सगळे प्रवासी मला पत्रं पाठवून विचारतात. न्यायाधीशबाई मला "आमचे बेटवासी" म्हणतात.

थोड्या गोष्टी विचारायच्या आहेत, रागावू नकोस.

ही माणसं पक्ष्यांवर जीव टाकणारी आहेत. तेव्हा जेवणात पेट्रेल नको, पेंग्विनच्या अंड्यांचं तर नावही नको. मटण आणि बटाटे चालतील. चरबीचे डबे जरा आत ठेवता आले तर बरं. दुसरं, प्रिडोने लोकांना सांगितलं आहे की नाइटिंगेलवर माणसाचं पाऊल क्वचितच पडतं. तिथल्या आपल्या झोपड्या फार डोळ्यांत येतील का? वर थोडं गवत टाकता येईल का?

तिसरं फक्त माहितीसाठी. समज वारा उलटा पडला, वस्तीसमोर नांगर टाकता आला नाही, तर थेट नाइटिंगेलला कुठल्या बाजूने उतरता येईल? तशी वेळ येणार नाही. पण प्रिडोला सगळं आधी कागदावर लागतं.

आणि अजून जाळ करता का रे? मी त्यांना एका संध्याकाळी सांगितलं, सगळे गप्प होऊन ऐकत होते. मला वाटतं एक जाळ म्हणजे सुखरूप पोचलो आणि दोन म्हणजे उद्या घरी निघतो. बरोबर ना? आणि तो बाबांचा खडक नेमका कुठला, झोपडीच्या वरचा का?

आईचे डोळे कसे आहेत? चष्म्याचा नंबर कळव, इथून आणतो.

लायनेल


ट्रिस्टन द कून्या
२६ सप्टेंबर १९७४

प्रिय लायनेल,

अंड्यांच्या फेरीवरून परवा आलो. घरात चार बादल्या पेंग्विनची अंडी आहेत आणि तुझं पत्र वाचत वाचत आम्ही तीच खाल्ली. आई म्हणाली, "त्याला लिही, तो अशाच अंड्यांवर वाढला आणि त्याला पंख फुटले नाहीत." पण तू म्हणतोस तसं करू. पाहुण्यांसमोर मटण. चरबीचे डबे पलंगाखाली. झोपडीवर गवत टाकायचं म्हणतोस, तर तिच्यावर गवताचंच छप्पर आहे. तू तिथे झोपला आहेस, लायनेल. इतकं विसरलास?

काल कौन्सिल बसलं. मी उभा राहिलो. सांगितलं की जहाज आधी वस्तीवर येईल, पेट्या उघडल्या जातील, मी आणि होडीतला क्लेम त्यांच्याबरोबर जाऊ, आमच्याशिवाय कुणी खडकावर पाय ठेवणार नाही. डडली मागून म्हणाला, "लायनेलचा शब्द काय?" सगळे हसले. तुला माहीत आहे तो कसा आहे. मी म्हणालो, "शब्द माझा आहे." मग कुणी हसलं नाही. परवानगी मिळाली.

उतरायची जागा. कागदावर हवी म्हणतोस म्हणून लिहितो, नाहीतर ही लिहायची गोष्ट नाही. पूर्वेच्या टोकाला शेवाळाचा पट्टा जिथे तुटतो तिथून आत यायचं. डाव्या हाताचा खडक पांढरा आहे, उजव्याला कपार आहे. होडी कपारीकडे न्यायची नाही, तिकडे पाणी ओढतं. लाट वर आली की उडी, खाली जाताना कधी नाही. वायव्येचा वारा असेल तर अजिबात नाही, दिवसभर थांबावं लागलं तरी थांबायचं. हे होडीतल्यांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. तू होडीतलाच आहेस. बाबांचं वल्हं अजून तुझ्या नावावर आहे. दर वर्षी त्याला रंग देतो, वापरत कुणी नाही.

हो, जाळ करतो. वायरलेस मिळाला आहे, पण दमट हवेत त्याचा घसा बसतो. एक म्हणजे पोचलो, दोन म्हणजे उद्या निघतो. खडक झोपडीच्या वरच्या चढावर, काळा. दोन जाळांमध्ये होडीएवढं अंतर ठेवायचं, नाहीतर इथून एकच दिसतो. ते अंतर बाबांनी ठरवलं.

तू लहान होतास, तुला आठवणार नाही. बाबा नाइटिंगेलला गेले की आई तुला पाठीवर बांधून बटाट्याच्या वाफ्यांवर जायची, तिथल्या टेकाडावरूनच ते बेट दिसतं. अंधार पडेपर्यंत उभी राहायची. दोन जाळ दिसले की तिथून पळत घरी, चूल पेटवायला. एकदा मी म्हणालो, सकाळी पेटव ना, ते उद्या येणार. तर म्हणाली, "त्यांनी तिथे पेटवली, मी इथे पेटवते. एवढंच बोलता येतं आम्हाला."

चष्म्याचा नंबर कळत नाही. लांबचं तिला अजून दिसतं. तू किनाऱ्यावर उतरताना दिसशील.

विल्फ


केपटाउन
२९ डिसेंबर १९७४

प्रिय दादा,

उद्या मासेमारीचं जहाज तुमच्याकडे निघतंय, खलाशाच्या हातात ही चिठ्ठी देतो. आम्ही दोन तारखेला निघू. इंजिन आहे, त्यामुळे चौदा-पंधरापर्यंत पोचू.

आईसाठी चहा, शाल आणि चष्मे. नंबर नव्हता म्हणून तीन वेगवेगळे घेतले. वहिनीसाठी कापड. तुझ्यासाठी चाकू, मूठ हस्तिदंती दिसते पण नाही.

प्रिडोच्या मनात वेळापत्रकाबद्दल काही ना काही बदलत असतं. तू काळजी करू नकोस. मी आहे ना.

लायनेल


ट्रिस्टन द कून्या
२४ जानेवारी १९७५

प्रिय लायनेल,

अक्षर आयव्हीचं आहे, बोलतोय मी. तू कुठे आहेस आणि कसा आहेस ते आधी कळव. बाकीचं नंतर.

इकडे काय झालं ते सांगतो, म्हणजे तुला कळेल आम्हाला घोर का लागला.

चौदा तारखेपासून आई रोज वाफ्यांवर जायची. चालवत नाही, म्हणून क्लेम बैलगाडीतून न्यायचा. मी म्हणालो, जहाज वस्तीसमोर येणार आहे, तिकडून काय बघतेस? म्हणाली, "सवय आहे. मी कुठून बघायचं ते मला माहीत आहे." पंधराला संध्याकाळी ढग खाली होते. अंधार पडता पडता क्लेम गाडी सोडून पळत वस्तीवर आला. नाइटिंगेलवर दोन जाळ. काळ्या खडकावर, मध्ये होडीएवढं अंतर.

हॉरेस माझ्याकडे बघत राहिला. जहाज आधी तिकडे गेलं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. मी म्हणालो, वाऱ्याने नेलं असेल. आणि जाळ करून कळवतोय की उद्या येतो. तसा खडक आणि तसं अंतर त्याच्याशिवाय कोण ठेवणार? हॉरेसला पटलं. आईने घरी येऊन चूल पेटवली.

सकाळी मेंढा कापला. मासळीचा कारखाना बंद ठेवला. शाळाही सुटली. आई लग्नातला रुमाल डोक्याला बांधून किनाऱ्यावर बसली, मोजे मांडीवर. समुद्र तेलासारखा पडला होता. दिवसभर कुणी आलं नाही. डडलीसुद्धा संध्याकाळपर्यंत थांबला. संध्याकाळी क्लेम एकटाच वाफ्यांवर गेला आणि पुन्हा तेच. दोन जाळ. या वेळी आकाश स्वच्छ होतं, जाळ मोठे होते. आम्ही म्हणालो, काहीतरी अडलं असेल, उद्या नक्की. मटण झाकून ठेवलं.

सतराला दुपारी वाफ्यांवरून शिडं दिसली. पूर्वेकडे चालली होती. वळली नाहीत.

तू सांग, आम्ही काय समजायचं? कुणी दोन वेळा सांगतं की उद्या येतो आणि येत नाही, असं या बेटावर माझ्या आठवणीत झालेलं नाही. एकदाच झालं, बाबांच्या वडिलांच्या होडीला, आणि ती माणसं बुडाली होती. मला वाटलं तू आजारी पडलास, त्यांनी तुला झोपडीत टाकलं आणि गेले. किंवा पडलास कुठेतरी बिळात, पाय मोडून, आणि जाळ तू एकट्याने केलेस. आईने रात्री माझे बूट चुलीजवळ आणून ठेवले.

अठराला आम्ही होडी काढली. वायव्येचा वारा होता. जायला चालतो, उतरायला नाही, हे मीच तुला लिहिलं होतं. सहा जण होतो. कपारीजवळ पाणी ओढतं तिथे होडी ओढली गेली आणि माझा उजवा हात तिच्या आणि खडकाच्या मध्ये आला. बाकी सगळे नीट आहेत. इथला डॉक्टर म्हणतो, दोन बोटं राहतील.

तू तिथे नव्हतास. क्लेमने गवत धुंडाळलं, हाका मारल्या. झोपडीचं दार उघडं होतं, आतले बटाटे खाल्लेले होते. खडकावर राखेचे दोन नाहीत, चार ढीग होते. पेट्यांच्या फळ्या पडल्या होत्या, बिस्किटांचा चुरा होता. क्लेमने तो चुरा कण न् कण वेचला आणि समुद्रात टाकला. उंदरांसाठी आम्ही बटाटे चिरून सगळीकडे ठेवून आलो आहोत. पुढच्या फेरीला त्यांच्यावर दात दिसतात का बघू.

आईला मी सांगितलं आहे की जहाजावर कुणीतरी अचानक आजारी पडलं असणार, कप्तानाला घाईने जावं लागलं असणार. ती म्हणाली, "असेल." तसंच झालं असेल तर लगेच लिही. दुसरं काही झालं असेल तरी लिही.

विल्फ


केपटाउन
३० जानेवारी १९७५

प्रिय दादा,

काल पोचलो. सगळे खूष आहेत, प्रिडोने मला मिठी मारली. वस्तीवर येणं मात्र जमलं नाही, याचं फार वाईट वाटतं. तू रागावला असशील. जरा समजून घे.

या लोकांना निर्मनुष्य बेट हवं होतं. आधी वस्ती, कारखाना, बैलगाड्या, हात हलवणारी पोरं दिसली की मग नाइटिंगेल तेवढं लांबचं वाटत नाही, असं प्रिडोचं म्हणणं. मला त्याने जूनमध्येच सांगितलं होतं. मला वाटलं, निघेपर्यंत त्याचं मन वळवीन. निदान परतताना तरी. परतताना वारा इतका छान मिळाला की कप्तान ऐकेना. पेट्यांची काळजी करू नकोस, मी स्वतः वरवर बघितल्या होत्या.

तू सांगितलंस तसंच उतरलो, पांढरा खडक डाव्या हाताला ठेवून. कुणाचा पायसुद्धा ओला झाला नाही. बुंध्यांवरून चालायचं मी त्यांना शिकवलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "हे तुमच्या रक्तातच आहे." झोपडी त्यांना आवडली. जुन्या काळची आहे असं मी सांगितलं.

आणि जाळ. बाबांच्या खडकावर दोन जाळ केले, मध्ये होडीएवढं अंतर ठेवून. आईची गोष्ट सांगितली, पाठीवर मी आणि ती पळत घरी जाते ती. दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या संध्याकाळी ढग होते, फोटो काळे येतील असं सगळे म्हणाले. म्हणून दुसऱ्या दिवशी उजेड चांगला असताना पुन्हा केले. मी खडकाजवळ उभा, मागे समुद्र. एक प्रत तुला पाठवीन.

जाळ पेटला तेव्हा मी आईच्या दिशेने बघत होतो. तिला दिसला असेल तर तिला बरं वाटलं असेल. एका अर्थी मी भेटूनच गेलो.

भेटवस्तू पुढच्या जहाजाने पाठवतो.

लायनेल


साउदॅम्प्टन
१९ एप्रिल १९७५

प्रिय दादा,

तुझं जानेवारीचं पत्र काल मिळालं. वहिनीचं अक्षर बघून दारातच फोडलं. तुझा हात आता कसा आहे? इथे चांगले डॉक्टर आहेत, मी विचारून ठेवतो.

तू लिहिलंस तसंच झालं. एक प्रवासी अचानक आजारी पडला, छातीत दुखायला लागलं. आम्ही वस्तीकडेच निघणार होतो, जाळ त्यासाठीच केले होते, दोन्ही दिवस. पण त्याची तब्येत बघून कप्तानाने जहाज केपटाउनकडे वळवलं. मी खूप सांगून पाहिलं. माझ्या हातात काही नव्हतं. आईला हे सांग. ती वाट बघत बसली हे वाचून मला जेवण गेलं नाही.

केपटाउनहून मी एक पत्र टाकलं होतं. ते मी फार दमलेला असताना लिहिलं, प्रिडोने पाजलीही होती. काय लिहिलं ते धड आठवत नाही. मिळालं तर वाचू नकोस, चुलीत टाक.

पुढच्या वर्षी प्रिडो पुन्हा यायचं म्हणतो आहे. या वेळी आधी वस्ती, हे मी त्याच्याकडून लिहून घेईन. कौन्सिलला तू सांगशील ना?

तुझा
लायनेल


ट्रिस्टन द कून्या
१८ जून १९७५

लायनेल,

अक्षर माझंच आहे, डाव्या हाताचं. सावकाश वाच.

फेब्रुवारीनंतर जहाज आलं ते आता. तुझी दोन्ही पत्रं एकाच थैलीत आली. तू इथून जाऊन नऊ वर्षं झाली, तुला आठवलं नसेल की इथे टपाल असंच येतं. आयव्हीने तारखा बघून लावली आणि आधीचं आधी वाचलं. आई शेजारी बसली होती. थांबवायला मला सुचलं नाही. मग तिने दुसरंही वाचायला सांगितलं.

ते झाल्यावर आईने कागदांची घडी घातली. मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी उजेड चांगला होता, हे खरं आहे."

तेवढंच. त्यानंतर तिने तुझं नाव काढलेलं नाही. काढलं की कळवीन असंही म्हणत नाही.

तू फसवलंस ते कुठून सुरू झालं, ते मी शोधत बसलो होतो. मला वाटलं जाळापासून. मग तुझं जूनचं पत्र काढलं. वारा उलटा पडला तर कुठे उतरायचं, असं तू विचारलंस आणि मी पांढरा खडक, कपार, शेवाळ, सगळं लिहून दिलं. वाट तू माझ्याकडून घेतलीस आणि त्याच वाटेने मला चुकवून गेलास. आजारी माणूसही मीच तुला दिला. तू तोसुद्धा घेतलास.

कौन्सिलला मी सगळं सांगितलं. दोन्ही पत्रं हॉरेससमोर ठेवली. होडीवर सुकाणूची जागा मी सोडली आहे. कुणी मागितली नव्हती. दोन बोटांच्या हाताने सुकाणू धरता येत नाही, असं मी सांगितलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. कारण दुसरं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. उभा राहून शब्द देताना मी डडलीकडे बघितलं होतं. आता तो माझ्याकडे बघत नाही, उलट मी येताना दिसलो की होडीचा दोर माझ्या बाजूला टाकतो. तो टोचून बोलला असता तर सोपं गेलं असतं.

एप्रिलच्या फेरीला क्लेम गेला होता. चिरून ठेवलेल्या बटाट्यांवर दात नाहीत. वरवर बघितलेल्या पेट्यांत काही नव्हतं असं दिसतं. सप्टेंबरला अंडी बघितल्यावर खात्री होईल. तोवर इथे प्रत्येक जण रोज त्याचाच विचार करतो.

मोजे आईने डडलीला दिले. पट्टे उसवले नाहीत, तसेच दिले. सहा आहेत. मला पाच मिळाले होते.

बाबांचं वल्हं क्लेमकडे गेलं. तू पाठवलेल्या भेटवस्तू अजून आलेल्या नाहीत. आल्या तर परत पाठवायला जहाज लागेल, म्हणून ठेवून घेऊ. चष्मे शाळेत देईन.

आता एक गोष्ट. मागच्या रविवारी होड्यांवरचे सगळे जमले होते, बायकाही. खूण बदलायची ठरली. आई क्लेमचा हात धरून चालत आली होती. पहिला हात तिने वर केला. नवी खूण काय ठरली ते होडीत बसणाऱ्यांना माहीत आहे आणि वाफ्यांवर उभं राहणाऱ्यांना माहीत आहे. तुला लिहीत नाही.

तू पुढच्या वर्षी म्हणतोस. परवानगी मिळणार नाही. पण समुद्र कुणाच्या मालकीचा नाही आणि वाट तुझ्याकडे कागदावर आहे. तेव्हा तू येशीलही. खडकही आहे, अंतरही तुला पाठ आहे. करायचे तर कर जाळ.

आम्हाला इथून नुसता धूर दिसेल.

विल्फ